शिडाच्या नौकेचं हूड

शिडाच्या नौकेवर माणसाचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो कॉकपिटमध्ये, आणि नेमकी तीच जागा सगळ्यात उघडी असते. नौकेच्या मागच्या अंगाला डेकमध्येच केलेला हा खळगा. दोन्ही बाजूंना बाक, मधे पाय ठेवायला जागा, सुकाणूचं चाक. शिडांचे दोर इथंच येतात, ते ओढायच्या विंच इथंच बसवलेल्या, होकायंत्रही इथंच. स्वयंपाक आणि झोप खाली केबिनमध्ये. पहारा मात्र वर, दिवसा आणि रात्री. या जागेवर कापडाचं आच्छादन घालायचं म्हटलं की पहिला प्रश्न निघतो तो पाणी कसं अडवायचं याचा. आपल्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर माझ्या मते तो तिसरा प्रश्न. पहिला उन्हाचा आणि दुसरा नजरेचा.

हे पुण्यातल्या वारज्यात बसून सांगतोय, म्हणजे घाट उतरल्याखेरीज समुद्र दिसत नाही अशा ठिकाणाहून. तरी विषय इथं अगदीच परका नाही. एनडीए रोडनं पुढं गेलं की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर लागतो आणि त्यात खडकवासल्याच्या पाण्याला लागून पीकॉक बे आहे; छात्र तिथं शिडाच्या होड्या हाकायला शिकतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दापोडीत, लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरचं महाविद्यालय आहे. याच कोअरच्या अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २८ सप्टेंबर १९८५ला ते इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टहून निघाले आणि १० जानेवारी १९८७ला मुंबईत पोचले. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ती पहिली प्रदक्षिणा. आणि तिसरी गोष्ट जास्त जवळची: महामार्गालगत रिक्षाची हूडं, सीटकव्हरं, ताडपत्र्या शिवणारी दुकानं. नौकेच्या आच्छादनाला लागणारं निम्मं कसब त्या दुकानांतून रोज वापरात असतं.

रिक्षाचं हूड नीट पाहिलं तर काय दिसतं? वाकवलेल्या पाइपांच्या कमानी, त्यांवर ताणून बसवलेलं रेक्झिन, मागं शिवलेली प्लॅस्टिकची खिडकी, आणि सगळं खाली खेचून धरणारे पट्टे. कापड नुसतं अंगावर टाकलेलं नसतं, ताणलेलं असतं. ताण गेला की ते फडफडतं, फडफडलं की शिवणीत फाटतं. नौकेचं आच्छादन याच तत्त्वावर उभं राहतं. त्याचे भाग मात्र वेगळे. केबिनच्या दारावर, कॉकपिटच्या पुढच्या तोंडाला असतो तो डॉजर: समोरून येणारा वारा आणि उडणारे तुषार अडवणारा, पारदर्शक खिडक्यांचा कमानदार पडदा. सुकाणू धरणाऱ्याच्या डोक्यावर असते ती बिमिनी, म्हणजे निव्वळ छत. या दोघांच्या मधली फट भरणारा जोडपट्टा, आणि मग बाजूंना व मागं चेननं, म्हणजे झिपनं, जोडायचे पडदे. हे सगळं लावलं की कॉकपिटची बंद खोली होते.

बंद खोलीची ही कल्पना थंड पाण्यातल्या लोकांची. इंग्लंडच्या किंवा उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर बोचऱ्या वाऱ्यात चार तास पहाऱ्याला बसणाऱ्याला ती स्वर्गासारखी वाटणार. तिथली पुस्तकं वाचून कोकणच्या किनाऱ्यासाठी तसंच शिवून घेतलं, तर फेब्रुवारीत दुपारी दोन वाजता आत कोणी बसू शकणार नाही.

आपल्याकडे नौकाविहाराचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात मच्छीमारसुद्धा बोटी ओढून शाकारून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदीच असते. म्हणजे ज्या आठ महिन्यांत नौका चालते, त्यांत पाऊस जवळजवळ नसतो. वाऱ्याचं वेळापत्रक शाळेच्या भूगोलात शिकलेलंच: पहाटे जमिनीकडून मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. कोकणात हा दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. आता मुंबईहून गोव्याला निघालेली नौका घ्या. अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. ताशी पाच सागरी मैलांनी पंचेचाळीस तास. जाताना वायव्येचा वारा पाठीमागून. वारा बारा नॉटचा, म्हणजे ताशी बारा सागरी मैलांचा, आणि नौका पाच नॉटनं त्याच दिशेला पळतेय, तर कॉकपिटमध्ये जाणवतो जेमतेम सात नॉटचा. तुषार नाहीत, वारा अंगाला लागत नाही, डोक्यावर ऊन. अशा वेळी डॉजरची पुढची खिडकी उघडता आली नाही तर तो डॉजर शत्रूच. परतीच्या वाटेवर तोच वारा समोरून येतो, नौकेचा वेग त्यात मिळतो, लाटा पुढून आदळतात, आणि मग डॉजरचं सोनं होतं. एकच नौका, एकच किनारा; जाताना एक गरज, येताना दुसरी. म्हणून आपल्याकडच्या आच्छादनाचा प्रत्येक तुकडा सुटा असला पाहिजे.

उन्हाचंही तसंच. बिमिनी बांधली म्हणजे सावली मिळाली, हे खरं फक्त दुपारच्या आगेमागे. जानेवारीत मुंबईच्या अक्षांशावर दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून तीस अंशांच्याही खाली असतो. छत बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून मीटरभर उंच असेल, तर त्याची सावली जवळजवळ दोन मीटर बाजूला सरकते. म्हणजे ती माणसावर न पडता पाण्यावर पडते. दक्षिणेला जाताना हे ऊन उजव्या हाताला, जरा पुढच्या अंगानं येतं. उत्तरेला येताना डावीकडून. त्यामुळे बिमिनीच्या कडेला चेननं जोडायचा, जाळीच्या कापडाचा एक बाजूपडदा हवा, दोन्ही बाजूंना बसेल असा. जाळी ऊन बरंचसं अडवते, वारा येऊ देते आणि तिच्यातून पलीकडचं दिसतं. हा एक पडदा आणि बिमिनी एवढ्यावर आपल्या किनाऱ्यावरचं बहुतेक काम भागतं. पूर्ण बंदिस्त संच ज्यांना शिवायचा त्यांनी शिवावा, पण सगळ्यात शेवटी.

नजरेचा प्रश्न रात्री उभा राहतो. जयगडच्या किंवा विजयदुर्गच्या तोंडापाशी रात्री जाळी पसरलेली असतात, त्यांचे बोये पाण्यावर असतात, आणि छोट्या होड्यांवर दिवा असेलच असं नाही. पारदर्शक खिडकी दिवसा स्वच्छ वाटते. रात्री तिच्यावर दव आणि मिठाचा थर बसतो, आतल्या उपकरणांचा उजेड उलटून तिच्यातच दिसतो, आणि समोरचा काळोख आणखी काळा होतो. मधली खिडकी दोन्ही बाजूंच्या चेन काढून वर गुंडाळता येईल अशीच असावी. हे ऐच्छिक मानू नये. त्याच हिशेबात डॉजरची उंची येते. सुकाणू धरणारा उभा असताना त्याच्या डोळ्यांच्या रेषेत डॉजरची वरची कड नेमकी आडवी आली, तर क्षितिजाची पट्टीच झाकली जाते. कड डोळ्यांच्या पुरेशी खाली हवी म्हणजे वरून पाहता येईल, किंवा पुरेशी वर हवी म्हणजे खिडकीतून पाहता येईल. मधली उंची सगळ्यात वाईट. आणि ही उंची कागदावर ठरत नाही. घरातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका, असे दोघं सुकाणूपाशी उभे करून, बांबूच्या कामट्या किंवा पीव्हीसीचे पाइप दोरीनं बांधून ती ठरवावी लागते.

कामट्या बांधलेल्या असतानाच बाकीची अडचणही दिसून येते. मोठ्या शिडाच्या तळाची आडवी बूम, वळताना ती किती खाली येते? बिमिनीचं छत तिच्याखाली निदान वितभर मोकळं राहिलं पाहिजे. विंचचा दांडा साधारण २५ सेंटिमीटरचा असतो. तो पूर्ण फिरला पाहिजे, तोही हाताच्या बोटांसकट, म्हणजे तीस-बत्तीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात पाइप किंवा पडदा येता कामा नये. घाईत दोर ओढणाऱ्याची बोटं पाइपावर आपटली की त्या दिवसापासून डॉजर उतरवून ठेवला जातो, कितीही सुरेख शिवलेला असला तरी. कडेनं पुढच्या डेकवर जाणाऱ्याला कुठं पाय टाकायचा आणि कशाला धरायचं, हेही तेव्हाच बघायचं. माणूस धरतोच, म्हणून डॉजरच्या मागच्या कमानीला स्टीलची पक्की दांडी लावतात आणि कमानींचे पाय डेकमधून आरपार बोल्टनं, खाली पट्टी देऊन कसतात.

आता वाऱ्याचा जोर. तो वेगाच्या वर्गानं वाढतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण आकडा डोळ्यांसमोर ठेवला की कापडाकडे बघण्याची दृष्टी बदलते. समोरून तीन चौरस मीटर आच्छादन वाऱ्याला तोंड देत असेल, तर वीस नॉटला त्याच्यावर साधारण वीस किलोचा दाब येतो. चाळीस नॉटला ऐंशी किलोचा. साठ नॉटला एकशे ऐंशी किलोचा, म्हणजे दोन-अडीच माणसं पाइपांवर लोंबकळल्यासारखा. याला तोंड देईल अशी चौकट करता येते, पण त्यापेक्षा वारा वाढण्याआधी कापड उतरवता येणं जास्त उपयोगाचं. आधी बाजूचे पडदे, मग जोडपट्टा, मग बिमिनी. शेवटपर्यंत राहतो तो डॉजर. एका माणसाला हलत्या नौकेवर, एका हातानं कशाला तरी धरून, हे करता आलं पाहिजे. चेनला दोन सरक्या असाव्यात, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडणाऱ्या. कोणी पाण्यात पडलं तर आतल्या माणसाला कॉकपिटबाहेर पडायला वेळ लागू नये.

वाऱ्याची आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढून आणि बाजूंनी बंद, मागून उघडं असं आच्छादन पुढं जाताना आपल्या पाठीमागची हवा आत ओढतं, आणि नौकेच्या मागच्या टोकाला इंजिनाचा धूर सोडणारी नळी असते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन चालू असताना पुढची खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे हवा पुढून मागं वाहती राहते.

कापडाची निवड इथं वारज्यातल्या दुकानात विचारलीत तर उत्तर येईल रेक्झिन किंवा पीव्हीसीची ताडपत्री. पाणी पूर्ण अडतं, स्वस्त पडतं. पण त्यातून हवा जात नाही, उन्हात ते तापतं, खालून दमट राहून बुरशी धरते, आणि काही हंगामांत घडीवर तडे जातात. जुना सुती कॅनव्हास याच्या उलट. भिजला की धागे फुगतात आणि भोकं आपोआप बुजतात. पण ओला गुंडाळून ठेवला की कुजतो. गेल्या साठ वर्षांत नौकांवर दोघांचीही जागा अ‍ॅक्रिलिक कापडानं घेतली. अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीनं ‘सनब्रेला’ नावानं ते १९६१मध्ये बाजारात आणलं. त्यात रंग विणून झाल्यावर चढवत नाहीत. धागा ओढण्याआधी, कच्चा माल पातळ असतानाच मिसळतात, त्यामुळे तो धाग्याच्या आरपार असतो आणि उन्हानं सहजी उडत नाही. नौकांसाठीचं हे कापड चौरस मीटरला तीनशे ग्रॅमच्या थोडं वर भरतं. ते श्वास घेतं, म्हणजे वाफ बाहेर जाऊ देतं. वरून पडलेलं पाणी थेंबाथेंबानं ओघळून जातं, मात्र डबकं साचलं तर हळूहळू झिरपतं. म्हणून छताला उतार आणि मधे फुगवटा हवाच.

कापडाआधी मरतो तो दोरा. साधा पॉलिएस्टर दोरा आपल्या उन्हात काही वर्षांत इतका कमकुवत होतो की कापड धडधाकट असताना शिवण नखानं उसवता येते. पीटीएफई नावाचा दोरा असतो, टेफ्लॉनच्या जातीचा. त्याला ऊन काहीच करत नाही, तो कापडालाही पुरून उरतो. महाग आणि निसरडा आहे. मशीनवर त्याचा ताण जमवताना कारागीर वैतागतो. तरीही पैसे वाचवायचेच असतील तर कापडात वाचवावेत, दोऱ्यात नाही, असं माझं मत. चेनचंही तेच: दाते जाड प्लॅस्टिकचे, दहा नंबरचे, धातूचे दाते मिठानं धरतात. चेनच्या पट्टीवर कापडाची झाप शिवायची, कारण दात्यांच्या आधी पट्टीच उन्हानं जळते.

खिडक्यांचं प्लॅस्टिक वारज्यातल्या निम्म्या बाल्कन्यांना पावसाळ्यात लटकलेलं दिसतं. गुंडाळीतून कापून मिळणारं ते पातळ पीव्हीसी दोन-तीन वर्षांत पिवळं पडतं, त्यातून पलीकडचं हललेलं दिसतं. बाल्कनीला चालतं. नौकेसाठी सपाट तावांत मिळणारं, दोन पॉलिश केलेल्या पत्र्यांमध्ये दाबून काढलेलं जाड पीव्हीसी घेतात, पाऊण ते एक मिलिमीटरचं. त्याला ओरखडे लवकर पडतात. सुक्या फडक्यानं पुसलं तर मिठाचे कण काचकागदाचं काम करतात, म्हणून आधी गोड्या पाण्यानं धुवायचं. अमोनिया असलेला काचेचा फवारा त्याला चालत नाही. डास पळवायचं मलम किंवा सनस्क्रीन लावलेल्या हाताचे ठसे तर कायमचे उठतात. आणि एक बारकावा, जो पहिल्यांदा शिवणाऱ्याच्या हमखास सुटतो: स्टीलचा पाइप उन्हात इतका तापतो की तो जिथं प्लॅस्टिकला टेकतो तिथं तपकिरी चट्टा उमटतो. खिडकी आखतानाच पाइपाच्या रेषेवर कापडाची पट्टी येईल असं बेतायचं.

बेतणं हाच या सगळ्या कामाचा गाभा, आणि रिक्षाच्या हूडवाल्याशी नौकेच्या कामाचं गोत्र इथं जुळतं. तोही टेपनं मापं घेऊन कागदावर गणित मांडत बसत नाही. चौकटीवरच कापड टाकतो आणि खडूनं खुणा करतो. नौकेवर कापडाऐवजी न ताणणारं, पारदर्शक प्लॅस्टिक वापरतात. आधी कमानी उभ्या करून दोऱ्यांनी चारही बाजूंना ताणायच्या, पुढं कापड लावल्यावर राहतील तितक्याच. पाइपांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. त्यावर प्लॅस्टिक, मधून कडेकडे हात फिरवत, एकही सुरकुती राहणार नाही असं. मग मार्कर घेऊन कड, शिवणीची रेघ, चेन कुठून सुरू होते, टिचबटण कुठं, पाइप कुठं टेकतो, सगळं त्यावर काढायचं. वितावितावर आडव्या बारीक रेघा, शेजारच्या तुकड्यावर जाणाऱ्या. शिवताना त्या रेघा जुळल्या की तुकडे जुळले. आणि प्रत्येक तुकड्यावर ‘वर’, ‘पुढे’, ‘उजवा’, ‘बाहेरची बाजू’. हे लिहिण्याचा कंटाळा करणारा माणूस नंतर दोन डावे पडदे शिवून बसतो.

अर्धाच फर्मा काढून तो उलटा केला की दुसरी बाजू तयार, असा मोह होतो. पाइप वाकवणाऱ्यानं दोन्ही वाक तंतोतंत सारखे दिलेले नसतात, डेकही दोन्हीकडे सारखं नसतं. दोन्ही बाजू वेगळ्या मापाव्यात. डॉजरची पुढची खिडकी एकसंध करायचा मोहही सोडावा. सपाट ताव एकाच दिशेनं वाकतो, दोन दिशांनी वाकवला की सुरकुततो. म्हणून पुढच्या गोलाईचे तीन तुकडे करतात. कापड कापताना उभा किंवा आडवा धागा ओढीच्या दिशेत ठेवायचा, कारण उरेब कापलेलं कापड ताणलं की लांबत जातं आणि महिन्याभरात छताला पोट सुटतं. शिवण दुहेरी, आणि वरच्या तुकड्याची कड खालच्या तुकड्यावर येईल अशी, म्हणजे पाणी शिवणीच्या पोटात शिरत नाही. सुईनं पाडलेली भोकं थोडी झिरपतातच. अ‍ॅक्रिलिकला शिवणीवर लावायची मेणचट कांडी मिळते.

पाण्याचा प्रश्न तिसरा म्हटला खरा, पण लांबच्या सफरीत त्याची दुसरी बाजू आहे. चार चौरस मीटरच्या बिमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की चार लिटर पाणी होतं. पंचवीस मिलिमीटरच्या एका सरीत शंभर लिटर. छताच्या सगळ्यात खालच्या जागी एक नळी शिवून घेतली तर पहिलं खारट पाणी वाहू देऊन बाकीचं टाकीत घेता येतं. गोव्याला दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्यानं पृथ्वीला वळसा घालून आले, आणि २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी कुठंही न थांबता. अशा महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात गोड्या पाण्याचा प्रत्येक लिटर मोजून वापरावा लागतो. मुंबई-गोवा करणाऱ्याला नळी नसली तरी चालेल.

मे संपता संपता सगळं उतरवायचं. कापड गोड्या पाण्यानं, साध्या साबणानं धुवायचं. डिटर्जंट किंवा गरम पाणी वापरलं तर वरचा पाणी झटकणारा लेप जातो. कडक वाळल्याशिवाय बांधायचं नाही. चेनवर मेण फिरवायचं. खिडक्यांची घडी घालायची नाही. मधे मऊ कापड घालून सैल गुंडाळायच्या, आणि माळ्यावर ठेवताना त्यांच्यावर दुसरं काही रचायचं नाही. कमानीचे पाइप डेकवरच राहिले तरी त्यांच्या तळाचे बोल्ट एकदा खोलून, गंज आणि सील बघून, परत कसायचे. ऑक्टोबरात शिवणी हातानं ओढून बघायच्या. जिथं दोरा तुटतो तिथून पुढचा हातभर भाग उसवून नव्यानं शिवायचा, आणि त्यासाठी समुद्रापर्यंत जायची गरज नाही, रिक्षाची हूडं शिवणाऱ्या कोणाकडेही ते तासाभरात होतं. दोरा मात्र आपला न्यायचा.